'एमआरआय नॉर्मल' आणि ब्रश हातात धरून उभा राहणारा दादा: स्किझोफ्रेनियात कपाळामागच्या मेंदूचं काय होतं?

पारिजातकाखाली | रविवार, रात्री १०:४०

गेल्या महिन्यात दादा मोरीत घसरला, डोक्याला खोक पडली, म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टच्या तळाशी ओळ होती: मेंदूत लक्षणीय दोष नाही. मामाने ती दोनदा मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "बघ. डोक्यात काही नाही. सगळं सवयीचं आहे. लाडावून ठेवलाय तुम्ही दोघींनी."

दादा आता ४३ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगला असताना, विसाव्या वर्षी, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्यांनी आवाज बरेच कमी झालेत. भिंतीपलीकडून त्याच्यावर शेरे मारणारी माणसं आता क्वचित येतात. पण आमच्या घरात भांडणं आवाजांवरून कधी झालीच नाहीत. ती होतात दात घासण्यावरून.

प्रसंग सांगते. दादा बेसिनसमोर उभा आहे. ब्रशवर पेस्ट आहे, नळ चालू आहे. मी दोन भाकऱ्या थापून परत येते, तरी तो तसाच. पेस्ट ब्रशवरून घसरून बेसिनमध्ये पडलेली. "दादा, घास की." "हो, घासतोय." तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. मग मी म्हणते, "ब्रश तोंडात घाल." लगेच घालतो आणि व्यवस्थित घासतो.

चहाचंही तेच. आलं कधी, दूध कधी, सगळं न चुकता सांगेल, पण न पेटवलेल्या गॅससमोर उभं राहून. वीस वर्षं मी याला 'आळशी' म्हणत आले. चिडून म्हटलं, हसत म्हटलं, पाहुण्यांसमोरही म्हटलं.

हल्ली थोडं वाचते आहे. १९७४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे इंग्वार आणि फ्रांझेन यांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. जुन्या रुग्णांमध्ये कपाळामागच्या भागाकडे जाणारा प्रवाह इतरांच्या मानाने कमी दिसला. मग १९८६ चं वाइनबर्गर यांचं काम वाचलं. थोडक्यात, मेंदूचा पुढचा भाग 'बंद' असतो असं मला समजलं. मग एमआरआयमध्ये का दिसत नाही? आणि बंद आहे तर "ब्रश तोंडात घाल" म्हटल्यावर चालू कसा होतो? जाणकारांनी लिहावं.

---

खवट_खोबरं | रविवार, रात्री ११:०२

आमच्या साहेबांच्या आतही दोन माणसं आहेत. एक महिनाभराची, दुसरी पगारवाढीच्या दिवशीची. स्किझोफ्रेनियाच असावा. (ह. घ्या.)

---

डॉ_वाटाड्या | रविवार, रात्री ११:३५

खवट, हलकेच घेतो, पण दुरुस्ती करून. एका माणसात दोन माणसं हा वेगळा आणि फार दुर्मिळ विकार. स्किझोफ्रेनियाशी त्याचा संबंध नाही. गोंधळ नावामुळे झाला. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ मध्ये हा शब्द काढला. ग्रीकमध्ये फाटणं अधिक मन. त्यांच्या मनात होतं ते विचार, भावना आणि इच्छा यांचे एकमेकांशी असलेले सांधे निखळणं. आपण त्याचं 'छिन्नमनस्कता' केलं, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर दुभंगलेला माणूस उभा राहिला.

जपानने २००२ मध्ये नाव बदललं. जुन्या नावाचा अर्थ 'मन फाटण्याचा रोग' असा होता. नव्याचा साधारण अर्थ 'एकसंधपणा बिघडण्याचा विकार'. कोरियाने त्यापुढे जाऊन वाद्याच्या तारा जुळवण्यावरून नाव घेतलं. तंबोरा शाबूत आहे, तारा उतरल्या आहेत. या धाग्याच्या विषयाला मला तरी तेच नाव सगळ्यात जवळचं वाटतं.

एमआरआयवर उद्या लिहितो. ओपीडी आटपून आलोय, डोळे मिटतायत.

---

खवट_खोबरं | रविवार, रात्री ११:४१

विनोद मागे घेतो. ताई, सॉरी.

---

डॉ_वाटाड्या | सोमवार, दुपारी २:१५

रेडिओलॉजिस्ट एमआरआयमध्ये गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, जुना झटका आहे का, पाणी साचलंय का, ते बघतो. यातलं काही नसेल तर 'नॉर्मल' लिहितो, आणि ते बरोबरच असतं. स्किझोफ्रेनियातले फरक त्या जातीचे नाहीत.

फरक आहेत हे मात्र नक्की. १९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्कमध्ये जॉनस्टन, क्रो आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन काढले. रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या निघाल्या. २०१८ मध्ये अनेक देशांतले हजारो स्कॅन एकत्र करून पाहिले, तेव्हा मेंदूची साल, म्हणजे कॉर्टेक्स, रुग्णांमध्ये सरासरीने किंचित पातळ दिसली. सर्वांत जास्त फरक कपाळामागे आणि कानशिलामागे.

'सरासरीने' हा शब्द विसरू नका. दोन गावांतल्या पुरुषांची उंची मोजली आणि एका गावाची सरासरी दोन सेंटिमीटर कमी भरली, तरी एसटीतून उतरणाऱ्या एखाद्याकडे बघून त्याचं गाव सांगता येणार नाही. म्हणून स्कॅन बघून हे निदान होत नाही. दादाचा रिपोर्ट नॉर्मल आहे आणि आजारही खरा आहे. मामांना माझ्या वतीने सांगा, "डोक्यात काही नाही" असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही.

---

पारिजातकाखाली | सोमवार, रात्री ९:२०

धन्यवाद डॉक्टर. मामाला वाचून दाखवलं. "हं" म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप.

आणखी एक आठवलं. काही वर्षांपूर्वी एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी दादाची पत्त्यांची चाचणी घेतली होती. समोर चार पत्ते. एक लाल त्रिकोण, दोन हिरव्या चांदण्या, तीन पिवळ्या फुल्या, चार निळी वर्तुळं. हातातला पत्ता यांतल्या एकाशी जुळवायचा. कशावरून जुळवायचं, रंग, आकार की संख्या, ते सांगत नाहीत. फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतात. दादाने रंग पटकन ओळखला. सलग दहा बरोबर आले की बाई गुपचूप नियम बदलतात. आता रंग चूक. दादा मात्र रंगच लावत राहिला. चूक. चूक. चूक. आणि मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, "रंग नाहीये आता." पुढचा पत्ता? पुन्हा रंगावर.

तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला कळलं होतं. हाताला कळलं नव्हतं.

---

ऱ्हाईनकाठचा | सोमवार, रात्री ११:५०

मी मेंदूच्या प्रतिमांवर काम करतो, जर्मनीत. डॉक्टर नाही, त्यामुळे सल्ला देणार नाही, पण या चाचणीवर बोलायला हवंच.

तिचं नाव विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट, १९४८ ची. ताईंनी उल्लेख केलेलं १९८६ चं काम याच चाचणीवर झालं. वॉशिंग्टनमध्ये वाइनबर्गर, बर्मन आणि झेक यांनी रुग्णांना पत्ते जुळवायला लावले आणि त्याच वेळी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. निरोगी माणसांमध्ये कपाळामागचा वरचा-बाजूचा पट्टा काम पडल्यावर जागा होतो. रुग्णांमध्ये तेवढा जागा झाला नाही. साध्या आकडे जुळवण्याच्या कामात असा फरक नव्हता. म्हणजे अडचण सगळीकडे सारखी नव्हती. त्या पट्ट्याला खास काम पडलं की दिसत होती.

तो पट्टा करतो काय? बेरीज करताना आपण हातचा धरतो ना, तो धरून ठेवणं हे त्याचं काम. 'मी इथे का आलो, आता पुढे काय' हाही हातचाच. दात घासताना आपल्याला तो कळतही नाही. दादाचा बहुधा तोच सुटतो. तुम्ही "ब्रश तोंडात घाल" म्हणता तेव्हा हातचा तुम्ही धरलेला असतो, त्याला फक्त मांडायचा असतो. म्हणून जमतं.

आता ताईंच्या 'बंद' या शब्दाला माझी हरकत. १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर झालेल्या कामांत चित्र गुंतागुंतीचं निघालं. काम सोपं असेल तर रुग्णांचा हाच भाग कित्येकदा इतरांपेक्षा जास्त राबताना दिसतो. काम अवघड होत गेलं की एका टप्प्यावर हात टेकतो. भरलेली जुनी एसटी घाटात चढवल्यासारखं. इंजिन बंद नाही, पहिल्या गिअरवर जिवाच्या आकांताने ओढतंय. दादा दुपारी तीनला इतका दमलेला का असतो, याचं उत्तर कदाचित यात असेल.

आणि दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं: एकट्या पुढच्या भागाला धरून काही साधत नाही. १९९५ मध्ये फ्रिस्टन आणि फ्रिथ यांनी मांडलं की बिघाड एखाद्या भागात शोधण्यापेक्षा भागांच्या आपसातल्या संवादात शोधावा. कल्पना त्याहून जुनी आहे. जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी शंभरेक वर्षांपूर्वी अशाच 'तुटलेल्या जोडण्यां'बद्दल लिहून ठेवलंय. मेंदूच्या मध्यभागी थॅलमस म्हणून जंक्शन आहे. ज्ञानेंद्रियांकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या तिथून पुढे जातात. रुग्णांमध्ये त्याची कपाळामागच्या भागाशी जोडणी सरासरीने क्षीण दिसते, आणि स्पर्श-हालचालीच्या भागांशी उलट जास्तच घट्ट. हे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पुन्हापुन्हा दिसलंय, म्हणून माझा त्यावर बऱ्यापैकी भरवसा आहे.

---

तिरकस | मंगळवार, सकाळी ८:०५

दोन शंका.

१) हे रुग्ण वर्षानुवर्षं गोळ्या खातायत. मेंदूची साल पातळ झाली ती आजाराने कशावरून? औषधांनी कशावरून नाही?
२) 'जोडण्या क्षीण' हे तुम्ही यंत्रात पडलेल्या माणसाच्या मेंदूतल्या रक्ताच्या चढउतारावरून ठरवता. एवढ्याशा माहितीवरून एवढा मोठा निष्कर्ष?

---

ऱ्हाईनकाठचा | मंगळवार, दुपारी १:३०

दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दुसरी तर आमच्या धंद्याचं दुखणं आहे.

यंत्रात माणूस मिलिमीटरभर जरी हलला तरी लांबच्या भागांमधली जोडणी खोटीच कमी दिसते आणि जवळच्यांमधली खोटीच जास्त. रुग्ण जास्त हलतात. अस्वस्थ असतात, औषधाने पाय वळवळतात, बंद नळकांड्यात भीती वाटते. २०१२ च्या सुमारास हे नीट ध्यानात आलं आणि त्याआधीच्या पुष्कळ कामांकडे पुन्हा संशयाने बघावं लागलं. आता हालचाल मोजून वगळतात. वगळल्यावर काही फरक विरले, काही टिकले. थॅलमसचा टिकला.

औषधांबद्दल: २०११ मध्ये आयोवाच्या गटाने रुग्णांचे वर्षानुवर्षं स्कॅन काढून दाखवलं की जास्त औषध घेतलेल्यांच्या मेंदूचं आकारमान थोडं जास्त घटतं. म्हणजे औषधाचा वाटा नाकारता येत नाही. पण एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांतही फरक सापडतात, आणि जास्त आजारी माणसालाच जास्त औषध दिलं जातं हाही गुंता आहेच.

---

डॉ_वाटाड्या | मंगळवार, दुपारी ३:१०

वरच्यात भर, कारण हे वाचून कुणीतरी आज रात्री गोळ्या बंद करेल अशी मला धास्ती आहे. मनाने बंद करू नका. बंद केल्यावर आजार उलटण्याचा धोका मोठा आहे, आणि उलटलेला प्रत्येक झटका माणसाच्या आयुष्याचे महिने घेऊन जातो. डोस जास्त वाटतोय? डॉक्टरांशी भांडा, पण समोर बसून भांडा.

दादांच्या गोळ्यांनी आवाज गेले पण अंघोळ परत आली नाही, याचंही कारण इथेच आहे. ढोबळ मांडणी अशी: मेंदूच्या आतल्या भागात डोपामीनचा, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या एका रसायनाचा, पूर येतो आणि कपाळामागे त्याचाच दुष्काळ. धरणाखालचं गाव बुडतंय आणि वरच्या शेताला पाणी नाही. आपली बहुतेक औषधं पूर अडवतात. आवाज, संशय कमी होतात. शेत कोरडं ते कोरडंच. २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या औषधाला मान्यता मिळाली. ते डोपामीनचा मार्ग थेट अडवत नाही. पण त्याने दादा उद्यापासून दात घासतील, असं मी म्हणणार नाही.

---

कानोसा | मंगळवार, रात्री १०:१५

इथे बरेच दिवस नुसता वाचत असतो. आज लिहितो. मला हा आजार आहे. २६ वर्षं झाली. नोकरी करतो, अर्धवेळ.

तुम्ही सगळे मेंदूबद्दल बोलताय, मी आतून काय दिसतं ते सांगतो. माझे आवाज बाहेरून यायचे. डाव्या बाजूने, खिडकीच्या उंचीवरून. एक बाई आणि एक म्हातारा. म्हातारा मी जे करेन त्याचं समालोचन करायचा. "आता चप्पल घालतोय. आता घाबरला." एकदा लक्षात आलं की म्हातारा एक शब्द चुकीचा उच्चारतो. 'बॅडमिंटन'ला 'बॅटमिंटन'. लहानपणी मीच तसं म्हणायचो. त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली की हा म्हातारा माझ्याच घरचा असावा. आवाज थांबला नाही. पण भीतीचा काटा थोडा खाली आला.

कुणी सांगेल का, स्वतःचाच विचार परक्याच्या आवाजात का ऐकू येतो?

---

ऱ्हाईनकाठचा | मंगळवार, रात्री ११:४०

कानोसा, हे लिहिल्याबद्दल आभार. बॅटमिंटन वाचून मी दोन मिनिटं खुर्चीत मागे टेकून बसलो.

क्रिस फ्रिथ यांची मांडणी तुमच्या अनुभवाच्या फार जवळ जाते. आपण बोलायला लागतो तेव्हा मेंदूचा पुढचा भाग ऐकण्याच्या भागाला आगाऊ वर्दी देतो: आता जो आवाज येईल तो आपलाच. वर्दी मिळाली की ऐकणारा भाग जरा निवांत राहतो. डोक्याला तारा लावून हे मोजता येतं. स्वतः बोलताना आपला ऐकण्याचा प्रतिसाद दबलेला असतो, तोच आवाज रेकॉर्ड करून ऐकवला तर दबत नाही. स्किझोफ्रेनियात हे दबणं कमी पडतं. वर्दी पोचत नाही किंवा उशिरा पोचते. मग मनातलं बोलणं दारात येऊन उभं राहतं, आणि ऐकणारा भाग विचारतो, "कोण?"

१९९३ मध्ये लंडनला मॅकगायर आणि सहकाऱ्यांनी आवाज ऐकू येत असतानाच रुग्णांच्या मेंदूची पाहणी केली. ब्रोकाचा भाग, म्हणजे बोलणं तयार करणारी पुढची जागा, त्या वेळी जास्त काम करत होता. आवाज 'ऐकू' येताना बोलणारा भाग जागा! पुढून मागे जाणारा तंतूंचा एक कमानीसारखा जुडगा आहे, बोलणं आणि ऐकणं जोडणारा. त्याच्यावर म्हणूनच इतकं काम चाललंय.

आणखी एक छान प्रयोग आहे, २००० सालचा. आपल्याला आपल्या हाताने गुदगुल्या होत नाहीत, कारण वर्दी आधीच गेलेली असते. ज्यांना आवाज येतात किंवा 'माझे हातपाय दुसराच कुणी हलवतोय' असं वाटतं, त्यांच्या तळहाताला त्यांनी स्वतः केलेला स्पर्श आणि दुसऱ्याने केलेला स्पर्श जवळपास सारखाच जाणवला.

---

कानोसा | बुधवार, सकाळी ६:५०

रात्री करून पाहिलं. मला होतात थोड्या. बायको हसली. :)

---

माई_७२ | बुधवार, सकाळी ११:००

टायपिंग नातू करून देतोय. माझा मुलगा ३८ चा आहे. एकच विचारते. चांगला हसतखेळत मुलगा, बारावीला गुणवत्ता यादीत, मग एकविसाव्या वर्षीच का? माझ्या हातून काही राहिलं का? डिलिव्हरीच्या वेळी मी फार आजारी होते. आणि सासूबाई म्हणायच्या, तू त्याला फार बोलतेस.

---

डॉ_वाटाड्या | बुधवार, दुपारी ४:२५

माई, तुमच्या बोलण्याने हा आजार होत नाही. १९४८ मध्ये एका मोठ्या मनोविश्लेषक बाईंनी आईच्या वागण्याने स्किझोफ्रेनिया होतो अशी मांडणी केली. ती टिकली नाही, पण जाता जाता दोन पिढ्यांच्या आयांना रडवून गेली. तुम्ही त्या रांगेत उभं राहू नका.

एकविसाव्या वर्षीच का, हा प्रश्न मात्र या विषयाच्या गाभ्यातला आहे. मेंदूत कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी पिकतो, विशी ओलांडल्यावरही त्याचं काम चालू असतं. लहानपणी तिथे पेशींच्या जोडण्या गरजेपेक्षा फार जास्त असतात. वयात येताना त्यांची छाटणी होते, द्राक्षबागेची करतात तशी. १९८२ मध्ये फाइनबर्ग यांनी शंका काढली की स्किझोफ्रेनियात ही छाटणी जरा जास्तच होत असावी. मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा या भागातल्या पेशी संख्येने फारशा घटलेल्या नव्हत्या. उलट दाटीने बसलेल्या होत्या, आणि त्यांच्या फांद्यांवरचे बारीक काटे, जिथे जोडण्या होतात, ते कमी होते. झाडं तीच, पालवी विरळ.

२०१६ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी सुमारे ६५ हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास छापला. सी-४ नावाच्या जनुकाचे काही प्रकार धोका थोडा वाढवतात, आणि हे जनुक उंदरांमध्ये जोडण्यांच्या छाटणीत भाग घेतं असं दिसलं. 'थोडा' म्हणजे थोडाच. अशा शेकडो जागा आहेत. आणि जनुकंच सगळं ठरवत नाहीत. अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला आजार असला तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आतच असते. गरोदरपणातले आणि बाळंतपणातले त्रास धोक्यात किंचित भर घालतात, पण तो काही आईचा दोष नाही. माई, तुम्ही आजारी होतात. आजारी पडणं म्हणजे हातून काही राहणं नव्हे.

---

माई_७२ | बुधवार, सायंकाळी ७:३०

नातवाने वाचून दाखवलं. छाटणीचं समजलं. आमची बाग होती नाशिककडे. औक्षवंत व्हा.

---

तिरकस | बुधवार, रात्री ९:१०

एक टोचणारा प्रश्न. पुढच्या भागाचा एवढा संबंध आहे, तर पूर्वी तिथलीच शस्त्रक्रिया करत ना?

---

डॉ_वाटाड्या | बुधवार, रात्री १०:००

करत. १९३५ मध्ये लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी सुरू केली, १९४९ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. कपाळामागच्या भागाच्या आतल्या भागांशी असलेल्या जोडण्या कापायच्या. रुग्ण शांत व्हायचे. किती शांत, ते त्यांच्या घरच्यांना विचारायला हवं होतं. आज आपण ज्या जोडण्या आधीच क्षीण आहेत म्हणतो, त्याच तेव्हा सुरीने तोडत होते. १९५२ नंतर क्लोरप्रोमाझिन आलं आणि हा प्रकार मागे पडत गेला.

---

पेठेतली_सून | गुरुवार, सकाळी ९:४५

आम्हाला शहरातल्या एका केंद्रात 'ब्रेन मॅपिंग' करायला सांगितलंय. बारा हजार. म्हणे पुढचा भाग लाल दिसला तर विजेचे सौम्य झटके देऊन जोडण्या सुधारता येतात. नणंदेसाठी. करावं का?

---

डॉ_वाटाड्या | गुरुवार, दुपारी २:००

निदानासाठी रंगीत नकाशाचा उपयोग नाही. बारा हजार वाचवा.

विजेचं म्हणाल तर त्यात तथ्याचा अंश आहे, फक्त विकणाऱ्याने तो ताणलाय. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये एक प्रयोग झाला. डाव्या कपाळावर एक पट्टी, डाव्या कानामागे दुसरी, दोन मिलिअँपिअर प्रवाह, वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. आवाज कमी झाले. नंतरच्या काही चाचण्यांत तसा फरक दिसला नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतही यावर बरंच काम झालंय. जायचंच तर अशा जागी जा, जिथे नियमित औषध चालू ठेवून आणि नोंद ठेवून करतात. दुकानात नको.

---

अर्धविराम | गुरुवार, रात्री ८:२०

थोडं वेगळं बोलू का. माझ्या बहिणीला हा आजार आहे. आम्हीही "हा मेंदूचा आजार आहे, तिचा दोष नाही" असं नातेवाइकांना सांगायला लागलो. दोष देणं खरंच थांबलं. त्याबरोबर येणंजाणंही थांबलं. "मेंदूच बिघडलाय म्हणजे मग कायमचंच ना" असं एक काकू बोलून गेल्या. आधी तिला लग्नाला बोलवून टोमणे मारायचे, आता बोलवतच नाहीत. जोडण्या-बिडण्या ठीक आहे, पण सांगताना जपून सांगा.

---

डॉ_वाटाड्या | गुरुवार, रात्री ९:५५

अगदी नेमकं. अभ्यासांतही हेच दिसतं, मेंदूचं कारण सांगितलं की दोष कमी होतो आणि 'सुधारणार नाही' ही भावना वाढते. म्हणून मी घरच्यांना मेंदूचं सांगतो तेव्हा लगेच दुसरं वाक्य जोडतो: जोडण्या वापराने बदलतातही. आणि शक्य असेल तर कानोसांसारख्या एखाद्या माणसाशी गाठ घालून देतो.

पारिजातकाखाली, तुमच्या 'आळशी' शब्दावरही बोलायचं राहिलंच. १९७६ मध्ये लंडनमध्ये व्हॉन आणि लेफ यांनी दाखवलं की घरात टीकेचा सूर जास्त असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. पुढे चंदीगडलाही असाच अभ्यास झाला, तिथल्या घरांत टीका लंडनपेक्षा कमी आढळली. आपल्याकडे माणसं जास्त, टोमणा विभागला जातो, असं मला गमतीने वाटतं. आणि घरचे टीका कशावर करतात? आवाजांवर क्वचित. आवाज हा आजार आहे हे कुणालाही कळतं. टीका होते ती न उठण्यावर, न अंघोळ करण्यावर, कारण तिथे वाटतं, मनात आणलं तर जमेल. 'मनात आणणं' हेच ज्या भागाचं काम, तोच थकलाय.

---

कानोसा | गुरुवार, रात्री ११:०५

ताई, एक युक्ती. माझ्या बायकोने शोधलेली. तिने पूर्ण कामं सांगणं सोडलं. पहिली वस्तू सांगते, तेवढीच. "अंघोळ कर" म्हटलं की माझ्यासमोर डोंगर उभा राहतो. "टॉवेल" म्हटलं की टॉवेल दिसतो. आणि आवाज चढवायचा नाही. आवाज चढला की म्हातारा जागा होतो.

---

पारिजातकाखाली | शनिवार, सकाळी ९:३०

आज सकाळी करून पाहिलं. मी ओट्याकडे पाठ करून कोथिंबीर निवडत बसले आणि म्हणाले, "दादा, पातेलं." पातेलं आलं. बराच वेळ शांतता. मला मागे वळायची इतकी घाई झाली होती की सांगता सोय नाही. कोथिंबिरीच्या काड्याही पानांत टाकल्या. मग म्हणाले, "पाणी." नळाचा आवाज आला. त्यानंतर मी काहीच बोलले नाही. लायटरचा आवाज त्याने आपणहून केला.

---

खवट_खोबरं | शनिवार, सकाळी ९:३४

आणि चहा?

---

पारिजातकाखाली | शनिवार, सकाळी ९:५२

साखर दोनदा पडली. आईला मधुमेह आहे, म्हणून तिचा वाटा मामा प्यायला. कप खाली ठेवून "गोड झालाय" म्हणाला, पुढे काही नाही.